‘पाइनच्या जंगलातील सकाळ’ : शिश्किन यांच्या अरण्यचित्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील रशियन निसर्गचित्रांपैकी सर्वांत ओळखीचे चित्र कोणते, असे विचारले तर बहुतेक जण धुक्यातले जंगल आणि पडलेल्या खोडावर खेळणारी अस्वलाची पिल्ले यांचे वर्णन करू लागतात. या चित्राबद्दलचे कुतूहल बहुधा अस्वलांपासून सुरू होते आणि अस्वलांपाशीच थांबते. ते जंगलापर्यंत पोहोचावे, या हेतूने पुढील उत्तरे लिहिली आहेत.

हे चित्र कोणाचे आहे, केव्हाचे आहे आणि आज कुठे आहे?

हे तैलचित्र इवान इवानोविच शिश्किन यांनी १८८९ मध्ये पूर्ण केले. चित्रातील अस्वले कॉन्स्तान्तिन सावित्स्की यांनी रंगवली असून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. कॅनव्हासची उंची १३९ सेंटिमीटर आणि रुंदी २१३ सेंटिमीटर आहे, म्हणजे साधारण साडेचार फूट उंच आणि सात फूट रुंद. चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत आहे. या संग्रहालयाचे संस्थापक पावेल त्रेत्याकोव हे कापड उद्योगातले व्यापारी होते. हे चित्र त्यांनी स्वतः विकत घेतले आणि १८९२ मध्ये त्यांचा संग्रह मॉस्को शहराला दान झाला, तेव्हा त्याबरोबर हे चित्रही सार्वजनिक मालकीचे झाले.

चित्रात नेमके काय दाखवले आहे?

दाट जंगलातली, घळीच्या काठावरची एक जागा दाखवली आहे. समोरच एक भलेमोठे झाड मुळांसकट उन्मळून पडले आहे आणि त्याचे खोड मधोमध मोडले आहे. मोडलेल्या लाकडाच्या ढलप्या अजून टोकदार आहेत. या खोडावर आणि त्याच्या आसपास अस्वलीण आणि तिची तीन पिल्ले आहेत. त्यांपैकी एक पिल्लू मागच्या दोन पायांवर उभे राहून धुक्याकडे टक लावून पाहत आहे. घळीच्या खोल भागात रात्रीचे धुके अजून रेंगाळलेले आहे, तर उंचावर उन्हाची पहिली तिरीप शेंड्यांना आणि खोडांच्या वरच्या भागाला लागलेली आहे.

चित्राची सगळी रचना या दोन थरांवर उभी आहे. वर उबदार पिवळा-नारिंगी उजेड आहे, खाली गार निळसर-करडी ओल आहे, आणि सूर्य स्वतः कुठेही दिसत नाही. सकाळ झाली आहे हे आपल्याला झाडांच्या रंगावरून कळते. जमिनीवर ती अजून व्हायची आहे. म्हणजे एकाच चौकटीत वर दिवस आहे आणि खाली रात्रीचा शेवटचा प्रहर आहे. पहाटे घाटात धुके खाली साचलेले आणि डोंगरमाथा उन्हात न्हालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अंतराची आहे. जवळच्या झाडांची साल भेगाभेगांसह स्पष्ट दिसते, त्यामागची झाडे जरा फिकट होतात आणि आणखी मागची नुसत्या सावल्यांसारखी धुक्यात विरून जातात. क्षितिज कुठेच नसताना या फिकट होत जाण्यामुळेच जंगलाची खोली जाणवते. जवळची खोडे चित्राच्या वरच्या कडेने कापली गेली आहेत, त्यामुळे ती चौकटीत मावली नाहीत असे वाटते. जंगल भव्य वाटण्यामागे या एका निर्णयाचा वाटा फार मोठा आहे.

ही झाडे देवदाराची आहेत का?

नाहीत. मराठीत सुईसारख्या पानांच्या कोणत्याही झाडाला सरसकट देवदार म्हणण्याची सवय असल्याने हा गोंधळ वारंवार होतो. देवदार हा हिमालयातला वेगळा वृक्ष आहे. चित्रातली झाडे उत्तर युरोप आणि रशियात सर्वत्र आढळणाऱ्या पाइनची आहेत. आपल्याकडच्या वृक्षांपैकी हिमालयातला चीड हा त्याचा नातलग म्हणता येईल.

या झाडाची ओळख पटली की चित्र अधिक उलगडते. या पाइनची साल बुंध्याशी जाड, करडी-तपकिरी आणि खोल भेगांची असते. वर जाता जाता ती पातळ होते आणि तिला नारिंगी तांबूस रंग येतो. त्यामुळे उन्हाने उजळलेला खोडांचा वरचा भाग रंगवताना चित्रकाराने पदरचा सोनेरी रंग ओतलेला नाही. झाडाचा मूळ रंग आणि सकाळचे ऊन तिथे एकमेकांत मिसळले आहेत. शिवाय या झाडाला उजेड लागतो. दाटीत वाढताना सावलीत पडलेल्या खालच्या फांद्या वाळून गळतात आणि खोड सरळसोट उंच होते. अशाच खोडांपासून शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्या बनवत असत.

शिश्किन कोण होते?

त्यांचा जन्म १८३२ मध्ये कामा नदीकाठच्या येलाबुगा या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. हे गाव तेव्हा व्यात्का प्रांतात होते, आज तातारस्तानात आहे. वडिलांना इतिहासाची आणि जुन्या अवशेषांच्या शोधाची आवड होती, आणि गावात लाकडी नळांतून पाणी आणण्याच्या कामामागेही तेच होते. मुलगा कझानच्या शाळेतून शिक्षण अर्धवट सोडून परत आला. पुढे १८५२ मध्ये तो मॉस्कोच्या चित्र-शिल्प विद्यालयात आणि तेथून १८५६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत गेला. लादोगा सरोवरातील वालाम बेटावर केलेल्या चित्रासाठी त्यांना १८६० मध्ये अकादमीचे मोठे सुवर्णपदक मिळाले. त्यासोबतच्या शिष्यवृत्तीवर ते म्युनिक, झुरिच आणि ड्युसेलडॉर्फ येथे राहिले. परदेशी त्यांचे मन फारसे रमले नाही. मुदत संपण्यापूर्वीच ते १८६५ मध्ये मायदेशी परतले.

खाजगी आयुष्य खडतर होते. पहिली पत्नी १८७४ मध्ये वारली. दुसरी पत्नी ओल्गा लागोदा ही स्वतः चित्रकार आणि त्यांची विद्यार्थिनी होती. लग्नानंतर वर्षभरातच, १८८१ मध्ये, तीही गेली. मार्च १८९८ मध्ये स्टुडिओत, चित्रफलकासमोर बसलेले असतानाच शिश्किन यांना मृत्यू आला. त्या वेळी सुरू केलेले चित्रही जंगलाचेच होते.

अस्वले दुसऱ्याने काढली, हे खरे आहे का?

होय. कॉन्स्तान्तिन सावित्स्की हे शिश्किन यांचे जुने मित्र होते. १८७३ च्या उन्हाळ्यात हे दोघे आणि इवान क्रामस्कोय तुला प्रांतात एकत्र राहून काम करत होते. (याच मुक्कामात क्रामस्कोय यांनी जवळच्या यास्नाया पोल्याना येथे जाऊन तोल्स्तोय यांचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र केले.) सावित्स्की यांचा हात माणसांच्या समूहचित्रणात मुरलेला होता आणि रेल्वेमार्गावर राबणाऱ्या मजुरांचे त्यांचे १८७४ चे चित्र आजही महत्त्वाचे मानले जाते. ‘सकाळ’मधील अस्वलांचे कुटुंब त्यांनी रंगवले, चित्रावर दोघांच्या सह्या झाल्या आणि ते चार हजार रूबलला विकले गेले. त्यातला चौथा हिस्सा सावित्स्की यांना मिळाला.

चित्र ताब्यात आल्यावर त्रेत्याकोव यांनी टर्पेंटाइन लावून सावित्स्की यांची सही पुसून टाकली. या चित्रात कल्पनेपासून रंगलेपनापर्यंत सर्वत्र शिश्किन यांचीच पद्धत दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. टर्पेंटाइन हे पाइनच्याच राळेपासून काढतात. पाइनच्या चित्रातले एक नाव पाइनच्याच तेलाने पुसले गेले, हा योगायोग मला नेहमी थोडा क्रूर वाटतो.

मग त्रेत्याकोव यांनी केले ते योग्य होते का?

पारख म्हणून त्यांचे मत चुकीचे नव्हते. अस्वले झाकून पाहिली तरी चित्र शिश्किन यांचेच राहते. जंगल झाकले तर उरलेल्या प्राण्यांवरून चित्रकार ओळखणे अवघड जाईल. तरीही मत बाळगणे वेगळे आणि दुसऱ्याची सही पुसणे वेगळे. दोन चित्रकारांनी आपसांत ठरवून केलेल्या नोंदीत विकत घेणाऱ्याने हात घालणे आज कोणत्याही संग्रहालयाला शोभणार नाही.

शिवाय असे सहकार्य त्या काळी रशियात अपवादात्मक नव्हते. लेवितान यांच्या १८७९ च्या ‘शरद ऋतूतील दिवस. सोकोल्निकी’ या चित्रातली काळ्या पोशाखातली स्त्री लेखक चेखव यांचे बंधू निकोलाय यांनी काढली होती. आयवाझोव्स्की यांच्या १८७७ च्या समुद्रचित्रात पुश्किनची आकृती रेपिन यांची आहे. आज ‘सकाळ’विषयीच्या लेखनात सावित्स्की यांच्या वाट्याची नोंद सहसा होते. लोकांच्या बोलण्यात मात्र एकच नाव टिकले आहे.

शिश्किन यांना प्राणी काढता येत नव्हते म्हणून मित्राची मदत घ्यावी लागली का?

असे मानण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांनी रूडोल्फ कोलर यांच्याकडे काम केले होते आणि कोलर हे प्राण्यांच्या चित्रांसाठीच नावाजलेले होते. शिश्किन यांनी काढलेली गुराढोरांची अनेक अभ्यासचित्रे उपलब्ध आहेत. सावित्स्की यांच्या अस्वलांत मात्र एक खेळकरपणा आहे, आणि तो शिश्किन यांच्या स्वभावाचा वाटत नाही. त्यांच्या हाताने आलेली अस्वले बहुधा अधिक अचूक आणि कमी अवखळ झाली असती.

चित्रात चार अस्वले असताना लोक त्याला ‘तीन अस्वले’ का म्हणतात?

रशियात घरोघरी मुलांना सांगितल्या जाणाऱ्या तीन अस्वलांच्या गोष्टीशी या चित्राची सांगड लोकांनी आपोआप घातली आणि मोजणी कोणी केली नाही. त्या गोष्टीत बाबा, आई आणि बाळ असतात. चित्रात तीन पिल्ले आणि मोठे अस्वल आहे. ते मोठे अस्वल आईच असणार, कारण तपकिरी अस्वलांमध्ये नर पिल्लांच्या संगोपनात भाग घेत नाही.

हे जंगल खरोखर कुठे होते?

मध्य रशियात मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या दरम्यान सेलिगर नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातील गोरोदोम्ल्या बेटावर पाहिलेल्या जंगलाचा ठसा या चित्रात आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. (दुसऱ्या महायुद्धानंतर याच बेटावर जर्मन रॉकेटतज्ज्ञांना ठेवून सोव्हिएत सरकारने त्यांच्याकडून काम करून घेतले. पडलेल्या झाडांवरून पिल्ले धावत असलेल्या जागेचे नशीब असे वळण घेईल, हे १८८९ मध्ये कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.) तथापि चित्र म्हणजे एखाद्या ठिकाणाचा नकाशा नव्हे. शिश्किन उन्हाळ्यात जंगलात बसून झाडांची, सालींची, नेच्यांची आणि दगडांची अभ्यासचित्रे करत आणि हिवाळ्यात स्टुडिओमध्ये त्यांतून मोठे चित्र बांधत.

हे चित्र म्हणजे रंगांत काढलेला फोटोच नाही का?

हा आक्षेप शिश्किन यांच्या हयातीपासून घेतला जात आहे. त्यांचे रेखाटन निर्दोष असले तरी रंगाची जाण कोरडी आहे, असे म्हणणारे समीक्षक होते, आणि त्यांच्या काही चित्रांबाबत ते खरेही आहे. हिरव्यापाठोपाठ हिरवा येतो आणि पान न् पान मोजून घेतल्यासारखे वाटते. फोटोचे त्यांना वावडे नव्हते. निसर्गातील तपशील समजून घेण्यासाठी फोटोंचा उपयोग करावा, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. अम्लरेखनातही (म्हणजे धातूच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून त्यावरून चित्र छापण्याच्या कलेतही) त्यांची मोठी गती होती आणि १८९४ मध्ये त्यांच्या साठ अम्लरेखनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. रेषेवर इतके प्रेम असलेल्या माणसाचा रंग रेषेच्या धाकात राहिला, तर नवल नाही.

पण ‘सकाळ’ला हा आक्षेप पुरता लागू होत नाही. इथे धुके आहे, आणि धुके रेषेत पकडता येत नाही. समोरच्या मोडक्या खोडावर शिश्किन यांनी आपली नेहमीची तपशिलाची हौस भागवली आहे आणि मागे घळीत तीच हौस आवरली आहे. माझ्या मते या चित्राचे खरे यश त्या आवरण्यात आहे. जे चित्रकार आयुष्यभर प्रत्येक फांदीचा हिशेब देत आले, त्यांनी इथे अर्धे जंगल बेहिशेबी सोडले.

हे चित्र प्रथम कुठे प्रदर्शित झाले?

१८८९ मध्ये ‘पेरेद्विझ्निकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकारांच्या सतराव्या प्रदर्शनात. या संघाची स्थापना १८७० मध्ये झाली आणि शिश्किन संस्थापकांपैकी एक होते. सेंट पीटर्सबर्ग या तेव्हाच्या राजधानीतल्या दालनांपुरती न ठेवता चित्रे मॉस्को, कीव, खार्कीव अशा शहरांत फिरवायची, तिकीट लावायचे, विक्री करायची आणि अकादमीच्या मेहेरबानीवर अवलंबून राहायचे नाही, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. रशियाचे स्वतःचे शेत, स्वतःचा चिखल आणि स्वतःचे जंगल चित्राला पुरेसे आहे, इटलीच्या सूर्यास्ताची गरज नाही, ही धारणाही त्यामागे होती. संघाचे विचारवंत नेते क्रामस्कोय यांनी शिश्किन यांना रशियन निसर्गचित्राच्या वाटेवरचा मैलाचा दगड म्हटले होते.

त्या काळी रशियातली जंगले अशीच घनदाट होती का?

उत्तरेकडे आणि पूर्वेकडे होती. मध्य रशियात ती झपाट्याने कमी होत होती. १८६१ मध्ये भूदासप्रथा संपल्यानंतर पैशाची चणचण भासणाऱ्या जमीनदारांनी जंगले विकायला काढली, आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी व इंजिनांच्या इंधनासाठी लाकडाला मोठी मागणी आली. परिणामी १८८८ मध्ये जंगलरक्षणाचा कायदा झाला. चित्र त्याच्या पुढच्या वर्षीचे आहे. त्यात कुऱ्हाडीची एकही खूण नाही. जे झाड पडले आहे ते वाऱ्याने किंवा वयाने पडले आहे, आणि ते उचलून न्यायला कोणी आलेले नाही. माणसाचा पाय जिथे पडला नाही अशी जागा दाखवण्याचे काम अस्वले इतक्या सहजपणे करतात की त्यांच्या उपस्थितीचा हाच खरा उपयोग म्हणावा लागेल. अस्वलीण पिल्लांना घेऊन इतकी निर्धास्त आहे, याचा अर्थ आसपास कोणी नाही. चित्रकारही नाही आणि आपणही नाही.

हे चित्र चॉकलेटच्या वेष्टनावर कसे आले?

मॉस्कोतील आइनेम या मिठाई कारखान्याने १९१३ च्या सुमारास बदामाच्या सारणाचे एक चॉकलेट बाजारात आणले आणि त्याच्या वेष्टनावर या चित्रातील अस्वले छापली. त्याचे नाव ‘मिश्का कोसोलापी’, म्हणजे आपल्या भाषेत ‘फेंगडा अस्वलोबा’. क्रांतीनंतर कारखाना सरकारजमा होऊन ‘क्रास्नी ऑक्त्याब्र’ झाला, पण वेष्टन टिकले. सोव्हिएत काळात हेच चित्र भिंतीवरच्या गालिच्यांवर, डब्यांवर आणि खानावळींच्या भिंतींवर पोहोचले.

चित्राची लोकप्रियता अशी वाढली की चित्र दिसेनासेच होते, याचा अनुभव आपल्यालाही आहे. रविवर्मा यांच्या छापखान्यातून, आधी मुंबईत आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीत, निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी, दुकानोदुकानी गेल्या, आणि मूळ तैलरंगातले काम पाहण्याची गरज कोणाला उरली नाही. शिश्किन यांच्या जंगलाचे तसेच झाले. फरक इतकाच की तिथे देवांच्या जागी अस्वले होती.

शिश्किन यांची आणखी कोणती अरण्यचित्रे पाहावीत?

व्यात्का प्रांतातील डोलकाठ्यांच्या पाइनवनाचे १८७२ चे चित्र त्रेत्याकोव गॅलरीत आहे. तिथेही अस्वले आहेत, मात्र छोटी, आणि मधमाश्यांचे पोळे लावलेल्या झाडाकडे आशाळभूतपणे पाहणारी. पावसात भिजणाऱ्या ओकवनाचे १८९१ चे चित्रही तिथेच आहे. त्यात छत्री घेतलेली माणसे आहेत आणि धुक्याचे काम ‘सकाळ’इतकेच हळुवार आहे.

मला स्वतःला सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयातील ‘जहाजांसाठीचे वन’ हे १८९८ चे चित्र अधिक मोठे वाटते. १६५ बाय २५२ सेंटिमीटरच्या या शेवटच्या पूर्ण चित्रात त्यांनी आपल्या जन्मगावाजवळचे पाइनवन रंगवले आहे. त्यात गोष्ट नाही, प्राणी नाहीत. ऊन, खोडे आणि पुढ्यातून वाहणारा उथळ ओढा एवढेच आहे. ज्याला अस्वलांशिवाय शिश्किन पाहायचे आहेत त्याने इथून सुरुवात करावी.

घरी लावण्यासाठी प्रत घेताना काय पाहावे?

शिश्किन १८९८ मध्ये आणि सावित्स्की १९०५ मध्ये वारले, त्यामुळे चित्रावर आता स्वामित्वहक्काचा प्रश्न राहिलेला नाही आणि प्रती मुबलक मिळतात. त्यातल्या बऱ्याच वाईट असतात. प्रथम कडा तपासाव्यात. अस्वले मोठी दिसावीत म्हणून वरचा भाग कापलेला असेल तर ती प्रत घेऊ नये, कारण ऊन त्याच भागात आहे. नंतर घळीतले धुके पाहावे. ते निळसर-करडे असावे आणि त्यात मागच्या खोडांच्या अंधुक कडा दिसाव्यात. तिथे नुसता पांढरा किंवा काळा डाग असेल तर छपाई चुकली आहे. उन्हाचा रंग केशरी भडक केलेल्या प्रती सर्रास विकल्या जातात, त्या सूर्यास्तासारख्या दिसतात. आकार शक्य तितका मोठा घ्यावा आणि चित्र खिडकीसमोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावावे, म्हणजे काचेवर उजेड चमकून धुके नाहीसे होणार नाही.